मराठी आडनावांचे अर्थ व उगम : पुणे परिसराच्या विशेष संदर्भात

प्रास्ताविक

जून महिन्यात महाविद्यालये सुरू होतात आणि प्राध्यापकांच्या हाती नवे हजेरीपट येतात. काळे, गोरे, कुलकर्णी, लांडगे, जाधव, सातपुते, बालवडकर, इनामदार अशी नावे वाचताना वाचणाऱ्याच्या मनात बहुधा दोन क्रिया एकाच वेळी घडतात. पहिली निरुपद्रवी आहे : आडनावाचा शब्दशः अर्थ मनात येतो आणि क्वचित हसू येते. दुसरी मात्र तितकी निरुपद्रवी नाही. आडनावावरून विद्यार्थ्याचा प्रदेश, घराण्याचा व्यवसाय आणि विशेषतः जात यांचा अंदाज बांधला जातो. ‘देशमुख म्हणजे कोणते?’, ‘तुम्ही मूळचे कुठले?’ हे प्रश्न पुण्यातील स्टाफरूममध्ये आजही सहज विचारले जातात. आडनाव ही जणू त्या व्यक्तीची वंशावळ आहे, हे त्यामागील गृहीतक होय. प्रस्तुत लेखात काही प्रचलित मराठी आडनावांचे अर्थ व उगम यांचा विचार करून हे गृहीतक कितपत टिकते, ते तपासले आहे.

‘आडनाव’ हा शब्दच या बाबतीत बोलका आहे. मुख्य नावाच्या आडचे, बाजूचे, ओळख पटावी म्हणून जोडलेले नाव ते आडनाव. ‘उपनाम’ आणि ‘उपाख्य’ या संस्कृत पर्यायांतही तोच गौणत्वाचा भाव आहे. आज मात्र स्थिती उलटी झाली आहे. कार्यालयात, महाविद्यालयात, बँकेत माणूस आडनावानेच ओळखला जातो आणि त्याचे स्वतःचे नाव घरापुरते उरते.

कूळ, नाव आणि आडनाव

सतराव्या शतकातील मराठी कागदपत्रांत व्यक्तीचा निर्देश सामान्यतः स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि हुद्दा अथवा गाव अशा क्रमाने येतो. शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांतील अमात्य रामचंद्र नीळकंठ यांचे नाव इतिहासात याच रूपात राहिले. त्यांच्या वंशजांना पुढे ‘पंत अमात्य’ आणि जहागिरीच्या गावावरून ‘बावडेकर’ अशी ओळख मिळाली. म्हणजे एकाच घराण्यास आधी हुद्द्याने आणि मग गावाने नाव दिले.

देहूच्या तुकोबांचे उदाहरण याहून उद्बोधक आहे. त्यांच्या घराण्याचे कूळ मोरे आणि आडनाव अंबिले असे परंपरेने सांगितले जाते. देहूतील त्यांचे वंशज आज मोरे हे आडनाव लावतात. कूळ ही विवाहसंबंध, देवक आणि कुळाचार यांच्याशी निगडित असलेली मोठी संज्ञा होती, तर आडनाव हे त्या कुळातील एका शाखेला गावाने वा शेजाऱ्यांनी दिलेले व्यवहारातले नाव होते. पुढे छापील अर्जात एकच रकाना आला तेव्हा काही घराण्यांनी तेथे कूळ लिहिले, काहींनी आडनाव, तर काहींनी वतनाचे नाव. आजच्या यादीत ही तिन्ही प्रकारची नावे एकाच रांगेत उभी असल्याने ती एकाच जातकुळीची वाटतात. वस्तुतः ती तशी नाहीत.

हुद्दा गेला, आडनाव राहिले

मराठी आडनावांचा सर्वांत सुस्पष्ट गट हुद्द्यांवरून आलेल्या नावांचा आहे. गावपातळीवर पाटील व कुलकर्णी, परगणापातळीवर देशमुख व देशपांडे ही वतनदारीची दोन जोडपी होत. प्रत्येक जोडीत एक अधिकारी आणि एक लेखनिक असतो. ‘पाटील’ या शब्दाचा संबंध जुन्या ताम्रपटांत आढळणाऱ्या ‘पट्टकिल’ या संस्कृत रूपाशी जोडला जातो. ‘कुलकर्णी’ या शब्दातील ‘करण’ म्हणजे हिशेब लिहिणारा, तर ‘कूळ’ म्हणजे जमीन कसणारे व सारा भरणारे कुटुंब. ‘देशपांडे’ या शब्दातील ‘पांडे’ हाही लेखनिकच. पाटलाचा मदतनीस तो चौगुला; त्याचे ‘चौगुले’ झाले.

यानंतर फारसीचा ठसा असलेली नावे येतात. ‘नवीस’ म्हणजे लिहिणारा. त्याचे मराठीत ‘नीस’ झाले आणि चिटणीस, फडणीस, पोतनीस, सबनीस, कारखानीस, जमेनीस, पारसनीस, वाकनीस, सुरनीस अशी मालिका तयार झाली. पत्रव्यवहार पाहणारा चिटणीस, खजिन्याचा हिशेब ठेवणारा पोतनीस, कोठारांची नोंद ठेवणारा कारखानीस आणि फारसी पत्रे लिहिणारा पारसनीस. ‘दार’ म्हणजे धारण करणारा. त्यातून इनामदार, जमादार, दफ्तरदार, मुजुमदार, पोतदार ही नावे आली. पोतदाराचे काम नाणी पारखण्याचे.

येथे एक ऐतिहासिक विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास प्रधानांची फारसी पदनामे बदलून संस्कृत पदनामे योजण्यात आली : पेशव्यास मुख्य प्रधान, मुजुमदारास अमात्य, सुरनीसास सचिव, वाकनीसास मंत्री, डबीरास सुमंत. राजव्यवहारकोशाची रचनाही याच धोरणाचा भाग होती. परंतु आडनावांनी हे धोरण पूर्णांशाने मानले नाही. भोरच्या घराण्याने ‘पंतसचिव’ हे संस्कृत नाव स्वीकारले, पण सुरनीसही टिकले. अमात्य राहिले आणि मुजुमदारही राहिले. पुण्याच्या कसबा पेठेतील मुजुमदार वाडा त्याची साक्ष देतो. सर्वांत मोठे पद ज्याचे, त्या ‘मुख्य प्रधान’ या नावाची तर जनमानसात डाळच शिजली नाही. श्रीवर्धनच्या भट घराण्यातील बाळाजी विश्वनाथांना १७१३ मध्ये ते पद मिळाले आणि त्यांचे वंशज ‘पेशवे’ म्हणूनच ओळखले जाऊ लागले. शासनाचा शब्दकोश एका फर्मानाने बदलता येतो, लोकांच्या तोंडातले नाव मात्र त्या वेगाने बदलत नाही.

हुद्दा हेच आडनाव झाल्यावर मूळ आडनाव मागे पडते. नाना फडणीस यांचे नाव बाळाजी जनार्दन आणि घराण्याचे मूळ आडनाव भानू होते, हे इतिहासाच्या अभ्यासकांना ठाऊक आहे; सामान्य वाचकास ‘भानू’ सांगितल्यास नाना आठवणार नाहीत. ‘लोकहितवादी’ गोपाळ हरी देशमुख यांचा जन्म १८२३ मध्ये पुण्यात झाला. त्यांच्या घराण्याचे मूळ आडनाव सिद्धये. देशमुखीच्या वतनामुळे ते देशमुख झाले. लोकहितवादी, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख आणि महाराष्ट्राचे माजी मुख्यमंत्री विलासराव देशमुख हे तिघेही देशमुख; तिघांच्या जाती तीन. कर्मवीर भाऊराव पाटील हे जैन घराण्यातील, तर क्रांतिसिंह नाना पाटील हे मराठा. पाटील हे आडनाव याखेरीज आगरी, कोळी, लेवा, लिंगायत व मुस्लिम घराण्यांतही आढळते. वतन ज्याच्याकडे होते त्याचे ते नाव. आणि वतन एकाच जातीकडे कधीच नव्हते.

मराठ्यांच्या इतिहासाची साधने उजेडात आणणाऱ्या पुढच्या पिढ्यांतील अनेक अभ्यासकांची नावे पाहिली, तर याच इतिहासाची गंमत वाटते. पेशवे दफ्तरातील निवडक कागद पंचेचाळीस खंडांत संपादित करणारे सरदेसाई, सातारा येथे ऐतिहासिक कागदपत्रांचा संग्रह उभारणारे पारसनीस, पुण्यातील महामहोपाध्याय पोतदार : ज्या हुद्द्यांच्या नोंदी ते वाचत होते, तेच हुद्दे त्यांच्या स्वतःच्या नावात होते.

या हुद्द्यांचा कायदेशीर शेवट स्वातंत्र्यानंतर झाला. मुंबई राज्यात १९५० च्या कायद्याने परगणा व कुलकर्णी वतने रद्द झाली, १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतने संपली आणि १९६२ च्या कायद्याने मुलकी पाटलांचे वंशपरंपरागत पदही गेले. वतन गेले, दप्तर तलाठ्याकडे गेले. आडनाव तेवढे राहिले. आजचा कुलकर्णी संगणक अभियंता आहे आणि पाटील रसायनशास्त्र शिकवतो, यात आता कोणास नवल वाटत नाही. तरीही या नावांतील जुना अधिकार पुरता विरलेला नाही, हे ग्रामीण भागातून आलेल्या विद्यार्थ्यांशी बोलताना जाणवल्यावाचून राहत नाही.

गाव सोडल्यावर मिळणारे नाव

‘कर’ हा प्रत्यय मराठी आडनावांची सर्वांत परिचित खूण होय. गावाच्या नावास ‘कर’ लागला की त्या गावचा रहिवासी सूचित होतो. परंतु थोडा विचार केल्यास या नावांचा एक वेगळाच अर्थ दिसतो. गावात राहणाऱ्या माणसास त्याच गावाचे नाव ओळख म्हणून निरुपयोगी असते. सातारा येथे प्रत्येक जणच सातारकर. तेव्हा ‘सातारकर’ हे नाव उपयोगी पडते ते सातारा सोडून पुण्यास आल्यावर. म्हणून ‘कर’युक्त आडनाव हे बहुधा वास्तव्याचे नव्हे, तर स्थलांतराचे चिन्ह असते. कोणते गाव मागे राहिले, ते या नावातून कळते.

फलटणच्या निंबाळकर घराण्याचे मूळ कूळ पवार. निंबळक या गावावरून ते निंबाळकर झाले. नीरा नदीकाठच्या होळ गावावरून मल्हाररावांचे घराणे होळकर झाले आणि त्या लहानशा गावाचे नाव इंदूरच्या राजवाड्यापर्यंत गेले. गोव्यातील मंगेशी या गावावरून दीनानाथांनी ‘मंगेशकर’ हे आडनाव घेतले. त्याच मंगेशीच्या देवालयात अभिषेक करणाऱ्या घराण्याचे ‘अभिषेकी’ हे आडनाव आहे. एकाच देवस्थानाने एका घराण्यास गावाचे आणि दुसऱ्यास सेवेचे नाव दिले.

हा नियम निरपवाद नाही. पुण्याच्या परिसरात बालेवाडीत बालवडकर आणि धनकवडीत धनकवडे ही घराणी त्याच भूमीवर नांदत आहेत. लोणी काळभोर येथे तर प्रवाह उलटा आहे. तेथे काळभोर या आडनावाने लोणी या गावास इतर लोणी नावाच्या गावांपासून वेगळे केले आहे. मगरपट्टा हे आज माहिती-तंत्रज्ञानाच्या वसाहतीचे नाव आहे. ते हडपसरच्या मगर घराण्याच्या शेतजमिनीवरून आले, ही गोष्ट तेथे नोकरीस येणाऱ्या परप्रांतीय तरुणास कळण्याचा फारसा संभव नाही.

ग्रामवाचक आडनावांवरून धर्म वा जात ठरवणे किती फसवे आहे, याचे उत्तम उदाहरण बेने इस्रायल समाजाचे आहे. कोकणात शतकानुशतके राहिलेल्या या ज्यू समाजाने पेण, रोहे, किहीम, दिवे अशा गावांवरून पेणकर, रोहेकर, केहीमकर, दिवेकर ही आडनावे धारण केली. त्यांच्यापैकी अनेक कुटुंबे पुढे पुण्यास आली. रास्ता पेठेत त्यांचे प्रार्थनास्थळ आहे. नुसते ‘दिवेकर’ हे नाव वाचून त्यामागील माणूस हिंदू की ज्यू, हे सांगता येणार नाही. १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळाची स्थापना करणारे हमीद दलवाई यांचे आडनाव असेच पाहण्यासारखे आहे. ‘दळ’ म्हणजे सैन्य आणि दळवाई वा दळवी म्हणजे त्याचा नायक. शब्द दक्षिणेतील राजव्यवहाराचा, घराणे चिपळूणजवळच्या मिरजोळीचे आणि धर्म इस्लाम.

राजकुलांशी नाते

जाधव हे यादवांचे, मोरे हे मौर्यांचे, कदम हे कदंबांचे, शेलार हे शिलाहारांचे, पवार हे परमारांचे, साळुंखे आणि चाळके हे चालुक्यांचे वंशज, असे सांगण्याची प्रथा आहे. भाषेच्या दृष्टीने यांतील काही व्युत्पत्ती समर्थनीय आहेत. संस्कृतातील शब्दारंभीच्या ‘य’चा प्राकृतात ‘ज’ होतो. त्या न्यायाने यादवचे जाधव होणे स्वाभाविक आहे. कदंबचे कदम होणेही तसेच. परंतु शब्दाची व्युत्पत्ती सिद्ध झाली म्हणजे रक्ताचे नाते सिद्ध झाले असे होत नाही. देवगिरीचे यादवराज्य चौदाव्या शतकाच्या प्रारंभी लयास गेले. तेव्हापासून आजच्या प्रत्येक जाधव घराण्यापर्यंत अखंड वंशावळ दाखवणारी साधने उपलब्ध नाहीत. शिवाय जाधव, पवार, शिंदे, मोरे, गायकवाड ही आडनावे मराठा समाजाइतकीच धनगर, माळी, मातंग, महार व भटक्या-विमुक्त समाजांतही रूढ आहेत. एक नाव इतक्या समाजांत का पसरले, याचे उत्तर केवळ वंशवृक्षात सापडणार नाही. स्वामी-सेवक संबंध, सैन्यातील पथके, एका गावातील सहवास आणि प्रतिष्ठेची आकांक्षा या सर्वांचा विचार करावा लागेल.

जपानचे उदाहरण येथे साहाय्यक ठरते. ‘सातो’ हे तेथील सर्वाधिक प्रचलित आडनावांपैकी एक. त्यातील ‘तो’ हे अक्षर फुजिवारा या प्राचीन व सामर्थ्यवान कुलाच्या नावातील आहे. म्हणून प्रत्येक सातो हा फुजिवारांचा वंशज, असे तेथील अभ्यासक मानत नाहीत. प्रतिष्ठित कुळाची खूण असलेले नाव दूरदूरच्या लोकांनी स्वीकारणे, ही प्रक्रिया दोन्ही देशांत घडलेली दिसते.

टोपणनावे आणि दंतकथा

आडनावांचा सर्वांत रंजक आणि त्यामुळेच सर्वांत धोक्याचा गट टोपणनावांचा होय. वर्णावरून काळे, गोरे, पांढरे. अवयवांवरून डोके, पोटे, एकबोटे. प्राण्यांवरून वाघ, कोल्हे, लांडगे, गाढवे. खाद्यपदार्थांवरून तुपे, साखरे, दहीभाते. संततीवरून पाचपुते, सातपुते, अष्टपुत्रे. सहस्रबुद्धे या नावाच्या मूळ पुरुषाची बुद्धी मोजली कोणी, हा प्रश्न पुणेरी विनोदाचा जुना विषय आहे. ही नावे बहुधा शेजाऱ्यापाजाऱ्यांनी दिली असावीत, कारण स्वतःस ‘गाढवे’ म्हणवून घेण्याची हौस कोणास असणार? नाव गावाने ठेवले आणि दोन-तीन पिढ्यांत ते घराण्यास चिकटले.

पुण्यातील सर्वांत महत्त्वाचे उदाहरण महात्मा जोतीराव फुले यांचे. सातारा जिल्ह्यातील कटगुण हे त्यांच्या घराण्याचे मूळ गाव आणि मूळ आडनाव गोऱ्हे. हे कुटुंब पुढे पुरंदर भागात व तेथून पुण्यास आले. पेशवाईच्या अखेरच्या काळात त्यांनी पुण्यात फुलांचा व्यवसाय केला आणि त्यावरून त्यांचे नाव फुले पडले. या आडनावाचा उगम जोतीरावांच्या जन्मापूर्वी फार तर एक-दोन पिढ्यांचा आहे. ज्या नावाने आज विद्यापीठे ओळखली जातात, ते नाव पुण्याच्या पेठांमधील रोजच्या व्यवहारातून घडले. येथे व्युत्पत्ती निश्चित आहे, कारण तिला घराण्याच्या इतिहासाचा आधार आहे.

असा आधार नसतो तेथे दंतकथा पुढे सरसावते. गायकवाड या नावाविषयी अशी कथा सांगतात, की मावळातील एका किल्ल्यावरील मूळ पुरुषाने गाईंना कवाडातून आत घेऊन त्यांचे रक्षण केले. गाय आणि कवाड हे दोन शब्द आधी दिसले आणि त्यांना जोडणारा प्रसंग नंतर रचला गेला, अशी शंका येथे घेण्यास जागा आहे. घोरपडे घराण्याच्या पूर्वजाने घोरपडीच्या साह्याने किल्ल्याचा कडा सर केला, अशी कथा आहे. पण घोरपडीची हीच कथा सिंहगडावर तानाजी मालुसरे यांच्या नावेही सांगितली जाते. एकच प्रसंग दोन ठिकाणी फिरत असेल, तर तो आडनावाचा पुरावा म्हणून स्वीकारताना सावध राहिलेले बरे.

व्युत्पत्तीची अशी फसगत आजही घडताना पाहावयाची असल्यास रास्ता पेठेत जावे. हे नाव रस्त्यावरून पडले असा अनेकांचा समज असतो. वास्तविक ती सरदार रास्ते यांच्या नावाची पेठ. रास्ते यांचे मूळ आडनाव गोखले; फारसीत ‘रास्त’ म्हणजे खरा, सरळ, आणि सचोटीबद्दल ही उपाधी मिळाली असे परंपरा सांगते. उपाधीचे आडनाव झाले, आडनावाची पेठ झाली आणि पेठेच्या नावात लोकांना पुन्हा रस्ता दिसू लागला.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी मराठी नामांच्या व्युत्पत्तीवर अपार परिश्रम घेतले. त्यांचा नामादि शब्दव्युत्पत्तिकोश आजही अभ्यासकांस उपयोगी पडतो. तथापि प्रत्येक शब्दाचे मूळ संस्कृतात शोधण्याच्या त्यांच्या आग्रहामुळे काही व्युत्पत्ती ओढूनताणून आणलेल्या वाटतात, हे नमूद करणे आवश्यक आहे. नेने, लेले, बर्वे यांसारखी नावे आजच्या मराठीत कोणताही उघड अर्थ देत नाहीत. त्यांना अर्थ चिकटवण्यापेक्षा ती तशीच राहू देणे अधिक शास्त्रीय ठरेल.

नोंदवहीने पक्के केलेले नाव

इतके दिवस सैल असलेली ही नावे पक्की केव्हा झाली? जपानमध्ये या प्रश्नास नेमके उत्तर आहे. तेथे सामान्य प्रजेस आडनाव लावण्याची मोकळीक १८७० मध्ये मिळाली आणि १८७५ मध्ये ते सक्तीचे झाले. कुटुंबनोंदणी व लष्करभरती यांसाठी शासनास ते हवे होते. तेव्हा नोंदल्या गेलेल्या अनेक नावांत भूदृश्य आहे : तानाका म्हणजे भातखाचरांमधला, यामामोतो म्हणजे डोंगराच्या पायथ्याचा, नाकामुरा म्हणजे मधल्या गावचा. तुर्कस्तानने अशीच सक्ती १९३४ च्या कायद्याने केली. महाराष्ट्रात असा एखादा कायदा झाला नाही. येथे हे काम एकोणिसाव्या शतकातील शाळा, न्यायालये, पलटणी आणि महसुली कचेऱ्या यांच्या नोंदवह्यांनी, गाजावाजा न करता केले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे उदाहरण या दृष्टीने मूलगामी आहे. घराण्याचे आडनाव सकपाळ, मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील आंबडवे, त्यावरून आंबडवेकर. ७ नोव्हेंबर १९०० रोजी सातारा येथील सरकारी शाळेत त्यांचा प्रवेश झाला. तेथील नोंदवहीत भिवा रामजी आंबेडकर असे नाव आढळते. आंबेडकर आडनावाच्या शिक्षकांनी उच्चारास सुकर म्हणून आपले नाव दिले, अशी हकिकत चरित्रांत येते. महाराष्ट्र शासनाने २०१७ पासून हा दिवस ‘विद्यार्थी दिवस’ म्हणून साजरा करण्याचे ठरवले. सकपाळ, आंबडवेकर आणि आंबेडकर या तीन नावांत कूळ, गाव आणि शाळेची नोंदवही हे तीन टप्पे स्पष्ट दिसतात. त्यांतील शेवटचा टप्पा एका शिक्षकाच्या लेखणीने घडला, ही बाब अध्यापनाच्या व्यवसायातील वाचकास विशेष वाटावी.

नोंदवही बदलली की नाव कसे बदलते, हे महाराष्ट्राबाहेरील मराठी कुटुंबांत पाहावयास मिळते. तंजावरच्या मराठी घराण्यांत घराण्याचे आडनाव व्यवहारातून मागे पडले आणि ‘राव’ हेच अंत्यनाम झाले. १८७५ ते १८८२ या काळात बडोद्याचे दिवाण असलेले सर टी. माधवराव हे याचे ठळक उदाहरण. त्यातील ‘टी’ हे अक्षर तंजावरचे. ग्वाल्हेरात शिंदे यांचे इंग्रजी लेखनातून ‘सिंधिया’ झाले आणि हिंदीत तेच रूढ झाले. पुण्यातही एकाच घरातील दोन भावांच्या दाखल्यांवर कुलकर्णी आणि कुळकर्णी, फडणीस आणि फडणवीस असे लेखनभेद आढळतात. त्यामुळे शिष्यवृत्तीच्या आणि पारपत्राच्या वेळी प्रतिज्ञापत्रे करावी लागतात, हा महाविद्यालयीन कार्यालयांचा नित्याचा अनुभव आहे.

हजेरीपट

आता प्रारंभीच्या प्रश्नाकडे वळता येईल. हजेरीपटातील ‘पाटील’ या नावातून कोणा एका पूर्वजाकडे पाटीलकी असल्याचा संभव कळतो, ‘रोहेकर’ या नावातून कोणीतरी रोहे सोडल्याचे कळते, ‘जाधव’ या नावातून एका प्रतिष्ठित कुळाशी सांगितलेले नाते कळते. समोरच्या बाकावर बसलेल्या विद्यार्थ्याविषयी यातून जवळजवळ काहीच कळत नाही. तरीही आडनावावरून अपेक्षा ठरतात, मौखिक परीक्षेत प्रश्नांचा सूर बदलतो, गटकार्याची विभागणी होते, आणि काही विद्यार्थी पहिल्याच दिवशी आपले आडनाव हळू आवाजात सांगतात. काही कुटुंबे शासकीय राजपत्रात जाहिरात देऊन आडनाव बदलतात. त्यांतील काहींना चेष्टा टाळायची असते, तर काहींना तो अंदाजच टाळायचा असतो. गावावरून ‘कर’ लावून घेण्याचा जुना मार्ग या दुसऱ्या कारणासाठी अनेकांना सोयीचा वाटतो, कारण त्यातून गावाखेरीज काही उघड होत नाही.

स्त्रियांच्या बाबतीत तर आडनाव हे वंशाचे चिन्ह म्हणून मुळातच अर्धे आहे. नायगावच्या नेवसे घराण्यातील सावित्रीबाई विवाहानंतर फुले झाल्या. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात मानववंशशास्त्राचे अध्यापन करणाऱ्या इरावतीबाई करमरकरांच्या कर्वे झाल्या. जपानमध्ये विवाहानंतर पतिपत्नींचे आडनाव एकच असण्याची अट कायद्यात आहे आणि तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१५ व २०२१ मध्ये ती वैध ठरवली. भारतात अशी सक्ती नाही. रूढीनेच ते काम केले. आईच्या घराण्याचे नाव हजेरीपटात कोठेही येत नाही, म्हणजे आडनावावरून बांधलेला प्रत्येक अंदाज मुलाच्या निम्म्या घराण्यास वगळूनच बांधलेला असतो.

मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने शासकीय दस्तऐवजांत नाव लिहिण्याचा क्रम बदलण्याचा निर्णय घेतला. १ मे २०२४ रोजी अथवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांचे नाव स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव या क्रमाने नोंदवावयाचे आहे. यात आईचे नाव येते, तिचे माहेरचे आडनाव येत नाही. आणि आडनावाचा रकाना तिसऱ्या जागेवरून चौथ्या जागेवर जातो. ही मुले पुण्यातील महाविद्यालयांच्या हजेरीपटांवर येतील ती साधारणतः २०४२ च्या जून महिन्यात.